गुराख्याच्या गाण्यापासून राजाच्या बायबलपर्यंत: इंग्रजी बायबलच्या सुरुवातीच्या इतिहासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी बायबल म्हटलं की १६११ सालचं किंग जेम्स बायबल आठवतं. इंग्रजी साहित्य शिकताना त्याचा उल्लेख होतो आणि बहुधा तिथेच विषय संपतो. मला मात्र त्याच्या आधीची नऊशे वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. त्या काळात हे काम करणारी माणसं देशोधडीला लागली, काही जाळली गेली, आणि ज्याच्या भाषेवर पुढचं सगळं उभं राहिलं त्याचं नाव राजाने परवानगी दिलेल्या बायबलवर छापता आलं नाही. हे भांडण नेमकं कशावरून होतं, याकडे खालच्या उत्तरांत मी पुन्हा पुन्हा वळणार आहे, कारण ते कळलं नाही तर हा सगळा इतिहास नुसती सनावळी होऊन बसतो.

बायबल मुळात कोणत्या भाषेत होतं, आणि इंग्लंडमध्ये ते कोणत्या भाषेत पोचलं?

बायबलच्या दोन भागांपैकी जुना करार हिब्रूत आहे, त्यातला थोडा भाग अरामीत. नवा करार ग्रीकमध्ये. इंग्लंडमध्ये मात्र बायबल पोचलं ते लॅटिनमध्ये. पोप दमासस यांच्या सांगण्यावरून जेरोम यांनी ३८२ च्या सुमारास लॅटिन भाषांतर नीट करायला घेतलं. पुढे त्यालाच वल्गेट हे नाव पडलं. ५९७ साली रोमहून निघालेला धर्मप्रचारक ऑगस्टिन इंग्लंडमधल्या केंटमध्ये उतरला तो लॅटिन उपासना घेऊनच. तेव्हापासून पुढची हजारएक वर्षं इंग्लंडमधल्या चर्चसाठी बायबल म्हणजे लॅटिन बायबल. गंमत अशी की जेरोम यांनी ते लॅटिनमध्ये केलं ते लोकांना कळावं म्हणूनच. त्या काळी पश्चिमेकडच्या सामान्य माणसाची भाषा लॅटिनच होती.

इंग्रजीत बायबल आणणारा पहिला माणूस कोण?

‘आणणारा’ म्हणजे काय, यावर उत्तर अवलंबून आहे. सातव्या शतकात उत्तर इंग्लंडमध्ये व्हिटबीच्या मठात केडमन नावाचा एक गुराखी होता. मेजवानीत गाण्याची पाळी आपल्याकडे येतेय असं दिसलं की तो उठून निघून जायचा. एका रात्री गोठ्यात झोपला असताना त्याला स्वप्नात कुणीतरी गायला सांगितलं आणि त्याने सृष्टीच्या निर्मितीचं गाणं म्हटलं. मठाध्यक्षा हिल्डा यांनी त्याला मठात घेतलं. शिकलेले साधू त्याला लॅटिनमधल्या कथा समजावून सांगत आणि तो त्या आपल्या बोलीत पद्यात बांधत असे. हे सगळं बीड या साधूने ७३१ साली पूर्ण केलेल्या इतिहासात लिहून ठेवलं आहे. केडमनच्या नावाच्या नऊ ओळी आज शिल्लक आहेत.

याला कुणी भाषांतर म्हणणार नाही. पण माझ्या मते सुरुवात इथूनच धरावी, कारण कथा लोकभाषेत सांगण्याला तेव्हाही कुणाची हरकत नव्हती आणि पुढेही फारशी कधी झाली नाही.

बीडने स्वतः खरोखरच भाषांतर केलं. ७३५ साली जॅरोच्या मठात अंथरुणाला खिळलेले असताना ते योहानाच्या शुभवर्तमानाचं (ख्रिस्ताच्या जीवनावरच्या चार ग्रंथांपैकी एक) इंग्रजी सांगत होते आणि शिष्य लिहून घेत होता, असं त्यांच्या कुथबर्ट नावाच्या शिष्याने पत्रात नोंदवलं आहे. ते भाषांतर आज उपलब्ध नाही.

मग आज हाती असलेलं सर्वांत जुनं भाषांतर कोणतं?

शुभवर्तमानांपुरतं बोलायचं तर लिंडिसफार्न शुभवर्तमानाच्या ओळींमधलं. हे देखणं लॅटिन हस्तलिखित आठव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यानंतर साधारण अडीचशे वर्षांनी ऑल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने प्रत्येक लॅटिन शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरात इंग्रजी शब्द लिहिला. सलग वाचायला ते इंग्रजी नाहीच; लॅटिन शिकणाऱ्याला हाताशी धरायला केलेली ती सोय आहे. लॅटिनचा आधार न ठेवता चारही शुभवर्तमानं सलग इंग्रजीत वाचता येतील असा मजकूर दहाव्या शतकाच्या अखेरीचा आहे. त्याला वेसेक्स शुभवर्तमानं म्हणतात.

मधल्या काळात राजा आल्फ्रेड होऊन गेला. त्याने आपल्या कायद्याच्या संहितेची सुरुवातच निर्गमच्या पुस्तकातल्या दहा आज्ञांनी केली, आणि त्याही इंग्रजीत.

इतक्या लवकर सुरुवात झाली, मग अडलं कुठे? कुणी विरोध केला?

विरोधापेक्षा धास्ती म्हणावी. ती सर्वांत प्रामाणिकपणे मांडली एल्फ्रिक या मठवासी विद्वानाने, इ. स. १००० च्या आसपास. एका सरदाराच्या आग्रहाखातर त्याने उत्पत्तीच्या पुस्तकाचा काही भाग इंग्रजीत केला आणि प्रस्तावनेत सांगून टाकलं की हे काम आपल्याला धोक्याचं वाटतं. अडाण्याने वाचलं की याकोबाला अनेक बायका होत्या, तर तोही म्हणेल, मग मला का नको? नियमशास्त्राचा जुना काळ आणि ख्रिस्तानंतरचा काळ यांतला फरक त्याला कोण सांगणार?

पुढच्या सहाशे वर्षांतला प्रत्येक वाद या एका प्रश्नाभोवती फिरतो. इंग्रजी भाषा अपवित्र आहे, असं म्हणणारे थोडे होते. खरा प्रश्न होता तो शेजारी समजावून सांगणारं कुणी नसताना अख्खा ग्रंथ एकट्या माणसाच्या हाती द्यावा का, हा. एल्फ्रिकला मी खलनायक मानत नाही. त्याची भीती खरी होती. त्या भीतीचा पुढे कायदा झाला आणि कायद्याच्या जोडीला सरण आलं, तिथे गोष्ट बिघडली.

१०६६ च्या नॉर्मन विजयाने काय बदललं?

दरबारात फ्रेंच आली, चर्चमध्ये लॅटिन होतीच, आणि इंग्रजी शेताभातात उरली. दोन-तीन पिढ्यांत भाषा इतकी बदलली की जुनी भाषांतरं वाचणं जड जाऊ लागलं. बाराव्या शतकात ऑर्म नावाच्या धर्मगुरूने शुभवर्तमानांवरचा मोठा पद्यग्रंथ रचला आणि चौदाव्या शतकात रिचर्ड रोल या एकांतवासी साधकाने स्तोत्रांचं भाषांतर टीकेसह केलं. बाकी फार काही नाही.

विक्लिफचं बायबल विक्लिफनेच केलं का?

स्वतःच्या हाताने किती केलं हे सांगता येत नाही. बहुतेक अभ्यासक ते त्याच्या ऑक्सफर्डमधल्या सहकाऱ्यांचं आणि अनुयायांचं काम मानतात. एका हस्तलिखितात तर बारूखच्या पुस्तकाच्या मध्यावरच निकोलस हेरफर्डचं भाषांतर इथे संपलं, अशी नोंद आहे. जॉन विक्लिफ हा ऑक्सफर्डचा तत्त्वज्ञ. चर्चने संपत्ती साठवू नये, पोपचा अधिकार ग्रंथापुढे टिकत नाही, अशी त्याची मतं होती. ग्रंथ हाच शेवटचा अधिकार असेल तर तो लोकांना वाचता यायला हवा, हे त्यातून सरळच निघतं. १३८४ च्या शेवटच्या दिवशी लटरवर्थ इथे त्याचा मृत्यू झाला.

या भाषांतराची दोन रूपं आहेत. १३८० च्या दशकातलं पहिलं इतकं शब्दशः आहे की इंग्रजी वाक्य लॅटिनच्या साच्यात घुसमटतं. पुढच्या दहा-बारा वर्षांत तयार झालेलं दुसरं बरंच मोकळं आहे. त्याच्या प्रस्तावनेत कामाची पद्धत सांगितली आहे: आधी बऱ्याच लॅटिन प्रती जमवून त्यातल्या चुका काढायच्या, मग टीका वाचायच्या, अडलेल्या शब्दांसाठी व्याकरणकारांना विचारायचं, आणि शेवटी शब्दापेक्षा वाक्याचा अर्थ धरून लिहायचं. भाषांतर करणाऱ्या कुणीही आज वाचावी अशी ती प्रस्तावना आहे. मात्र ही दोन्ही रूपं वल्गेटवरून केलेली, म्हणजे भाषांतराचं भाषांतर. हिब्रू शिकवणारं इंग्लंडमध्ये त्या काळी कुणी मिळणंच कठीण होतं, कारण १२९० मध्ये राजाने यहुद्यांना देशाबाहेर काढलं होतं.

इंग्रजीत बायबल वाचणं खरंच गुन्हा होता का?

होता, पण ज्या सरसकट पद्धतीने हे सांगितलं जातं तसा नाही.

१४०१ मध्ये पाखंडी ठरलेल्याला जाळण्याचा कायदा संसदेने केला. मग आर्चबिशप टॉमस अरुंडेल यांनी ऑक्सफर्डच्या धर्मसभेत नियम मांडले आणि १४०९ मध्ये ते जारी झाले: बिशपच्या किंवा प्रांतिक सभेच्या मंजुरीशिवाय कुणीही बायबलचा कोणताही भाग इंग्रजीत आणू नये, आणि विक्लिफच्या काळात किंवा नंतर झालेलं भाषांतर वाचू नये. त्याच अरुंडेल यांनी १४१० च्या सुमारास ख्रिस्ताच्या जीवनावरचं एक इंग्रजी पुस्तक आनंदाने मंजूर केलं. निकोलस लव्ह या मठप्रमुखाने ते लिहिलं होतं. म्हणजे ख्रिस्ताची कथा इंग्रजीत चालत होती. ग्रंथाचा मूळ मजकूर चालत नव्हता.

शिवाय नियम सर्वांना सारखा लागू पडला नाही. विक्लिफच्या बायबलची सुमारे अडीचशे हस्तलिखितं आजही शिल्लक आहेत, आणि त्यातली काही सोनेरी वेलबुट्टीची, श्रीमंतांसाठी केलेली आहेत. एक तर राजाच्या काकाच्या, ग्लॉस्टरच्या ड्यूकच्या मालकीचं होतं. धाड पडायची ती विणकर, चांभार, शिंपी यांच्या घरांवर. विक्लिफच्या या अनुयायांना लोलार्ड म्हणत. याकोबाच्या किंवा पौलाच्या पत्रांच्या थोड्याशा अध्यायांसाठी कुणी गाडीभर गवत दिल्याचं सोळाव्या शतकातल्या जॉन फॉक्सने लिहिलं आहे. ज्यांना वाचता येत नव्हतं ते अध्यायच्या अध्याय पाठ करत आणि रात्री एकमेकांना म्हणून दाखवत. मौखिक परंपरेत वाढलेल्या आपल्यासारख्यांना या माणसांबद्दल फार जवळीक वाटते.

विक्लिफला १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने पाखंडी ठरवलं. १४२८ मध्ये त्याची हाडं उकरून जाळली आणि राख स्विफ्ट नदीत टाकली.

छपाई आल्यावर इंग्रजी बायबल लगेच का छापलं गेलं नाही?

अरुंडेल यांच्या नियमामुळे. हा उशीर लाजिरवाणा आहे. जर्मन बायबल १४६६ मध्ये स्ट्रासबर्गला छापलं गेलं, इटालियन १४७१ मध्ये व्हेनिसला, चेक १४८८ मध्ये प्रागला. विल्यम कॅक्सटनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला १४७६ मध्ये, पण बायबलच्या वाटेला तो गेला नाही. संतांच्या चरित्रांच्या जाडजूड पुस्तकात त्याने बायबलमधल्या कथा मात्र घातल्या. पुन्हा तेच: कथा चालते.

विल्यम टिंडेलने वेगळं काय केलं?

टिंडेलने पहिल्यांदा छापील नवा करार थेट ग्रीकमधून आणि जुन्या कराराचा मोठा भाग थेट हिब्रूतून इंग्रजीत आणला. त्याच्याआधी हे कुणी केलं नव्हतं.

तो ग्लॉस्टरशायरचा, १४९४ च्या आसपास जन्मलेला, ऑक्सफर्डला शिकलेला. डच विद्वान इरॅस्मसने १५१६ मध्ये बाझलला ग्रीक नवा करार छापला होता, म्हणजे मूळ मजकूर आता कुणालाही विकत मिळत होता. लिटल सॉडबरीच्या वाड्यात शिक्षकी करत असताना टिंडेलचा एका विद्वानाशी वाद झाला. मी जगलो वाचलो तर नांगर हाकणाऱ्या पोराला तुमच्यापेक्षा जास्त बायबल कळेल असं करीन, असं तो म्हणाल्याचं फॉक्स सांगतो.

१५२३ मध्ये तो लंडनला बिशप कथबर्ट टनस्टॉल यांच्याकडे परवानगी आणि आसरा मागायला गेला. त्याला वाटेला लावण्यात आलं. हम्फ्री मनमथ नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने त्याला घरी ठेवलं. १५२४ मध्ये तो जर्मनीला गेला तो कायमचा. इंग्लंड त्याने पुन्हा पाहिलं नाही. १५२५ मध्ये कोलोनला छपाई सुरू झाली. योहान कोखलेउस या विरोधकाने छापखान्यातल्या कामगारांना दारू पाजून बातमी काढली, आणि टिंडेल छापलेले कागद घेऊन ऱ्हाइन नदीमार्गे व्होर्म्सला पळाला. १५२६ मध्ये तिथे पूर्ण नवा करार छापून झाला. खिशात मावेल एवढा आकार, समासात टीपा नाहीत, कर्त्याचं नाव नाही. कापडाच्या गठ्ठ्यांत लपवून प्रती इंग्लंडला पोचू लागल्या. टनस्टॉल यांनी त्या लंडनच्या सेंट पॉल चर्चपाशी जाळल्या.

एडवर्ड हॉल या बखरकाराने एक प्रसंग दिला आहे. टनस्टॉल यांनी अँटवर्पला ऑगस्टिन पॅकिंग्टन नावाच्या व्यापाऱ्यामार्फत उरलेल्या प्रती विकत घेतल्या, जाळण्यासाठीच. व्यापारी टिंडेलच्या ओळखीचा निघाला. त्याच पैशातून टिंडेलने कर्ज फेडलं आणि सुधारलेली आवृत्ती हाती घेतली. १५३० मध्ये त्याने जुन्या कराराची पहिली पाच पुस्तकं काढली, मग योनाचं पुस्तक, आणि १५३४ मध्ये नव्या कराराची दुरुस्त आवृत्ती. ही दुरुस्त आवृत्ती पाहिली की कळतं, हा माणूस नुसता बंडखोर नव्हता. एकेका वाक्यासाठी पुन्हा पुन्हा बसणारा कारागीर होता तो.

टॉमस मोर यांच्याशी त्याचा वाद कशावरून झाला?

चार-पाच शब्दांवरून, आणि त्या शब्दांवर चर्चची सगळी इमारत उभी होती. जिथे लोक ‘चर्च’ ऐकत आले होते तिथे टिंडेलने भक्तमंडळी अशा अर्थाचा शब्द घातला, ‘धर्मगुरू’च्या जागी वडीलधारा, ‘प्रायश्चित्त करा’च्या जागी मन पालटा, दानधर्माकडे झुकणाऱ्या शब्दाच्या जागी साधं प्रेम. कॅथलिक विद्वान आणि राजाचे मंत्री असलेल्या मोर यांनी १५२९ मध्ये लांबलचक ग्रंथ लिहून हे भाषांतर फसवं ठरवलं. मोर काही कमी विद्वान नव्हते, आणि शब्द बदलले की अधिकार हलतो हे त्यांनी अचूक ओळखलं. पण मूळ ग्रीक पाहता टिंडेलचे बहुतेक पर्याय टिकणारे आहेत, असं मला वाटतं.

टिंडेलला आठव्या हेन्रीने मारलं का?

नाही, हा गैरसमज फार पसरलेला आहे. १५३५ मध्ये हेन्री फिलिप्स नावाच्या इंग्रज तरुणाने मैत्रीचं नाटक करून त्याला अँटवर्पमध्ये पकडून दिलं. खटला चालवला तो सम्राट पाचव्या चार्ल्सच्या अधिकाऱ्यांनी, ब्रसेल्सजवळच्या फिल्वोर्डच्या किल्ल्यात. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीच्या घटस्फोटाला टिंडेलने उघड विरोध केला होता, त्यामुळे इंग्लंडच्या दरबारातही त्याच्यासाठी जीव टाकणारे मोजकेच होते.

तुरुंगातून त्याने लॅटिनमध्ये लिहिलेलं एक पत्र टिकून आहे. थंडीसाठी ऊबदार टोपी, जाड कोट, पायमोज्यांना ठिगळ लावायला कापड, संध्याकाळी दिवा, आणि सर्वांत जास्त विनवणी कशासाठी, तर हिब्रू बायबल, हिब्रू व्याकरण आणि हिब्रू शब्दकोश यांसाठी. या इतिहासातला मला सर्वांत जवळचा कागद हाच. ऑक्टोबर १५३६ मध्ये त्याला आधी गळा आवळून मारलं आणि मग जाळलं. जुना करार अर्धाच झाला होता.

मग इंग्लंडमध्ये बायबल कायदेशीर कधी झालं?

जवळपास लगेच, आणि हीच या गोष्टीतली सर्वांत कडवट बाब. रोमशी संबंध तोडलेल्या हेन्रीला आता इंग्रजी बायबल सोयीचं होतं.

माइल्स कव्हरडेलने १५३५ मध्ये पहिलं संपूर्ण छापील इंग्रजी बायबल काढलं. त्याला हिब्रू-ग्रीक फारसं येत नव्हतं; टिंडेलचं काम, जर्मन धर्मसुधारक लूथरचं जर्मन आणि लॅटिन भाषांतरं समोर ठेवून त्याने ते केलं. पण कान मोठा गोड होता त्याचा. त्याची स्तोत्रं इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात गेली आणि शतकानुशतकं गायली गेली. १५३७ मध्ये ‘टॉमस मॅथ्यू’ या नावाने दुसरं बायबल आलं. तो खरा टिंडेलचा मित्र जॉन रॉजर्स. टिंडेलचं छापलेलं सगळं, शिवाय हस्तलिखितात राहिलेलं बरंचसं त्यात होतं. जुन्या कराराच्या शेवटी नक्षीदार मोठ्या अक्षरांत टिंडेलच्या नावाची आद्याक्षरं छापली आहेत, तेवढंच. आर्चबिशप क्रॅनमर यांनी राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याला लिहिलं की बिशपांनी याहून चांगलं भाषांतर करेपर्यंत हेच चालू द्या, आणि ते बहुधा प्रलयाच्या दुसऱ्या दिवशीच होईल. राजाने परवाना दिला. ज्याला जाळून वर्षही उलटलं नव्हतं, त्याचेच शब्द राजाच्या परवान्याने विकले जाऊ लागले.

१५३८ मध्ये हुकूम निघाला की प्रत्येक चर्चमध्ये मोठ्या आकाराचं इंग्रजी बायबल लोकांना वाचता येईल असं ठेवावं. खर्च अर्धा धर्मगुरूचा, अर्धा गावाचा. त्यासाठी कव्हरडेलने केलेलं ‘ग्रेट बायबल’ पॅरिसला छापायला घेतलं होतं, तिथल्या धर्मन्यायालयाने कागद जप्त केले, आणि शेवटी १५३९ मध्ये ते लंडनला पूर्ण झालं.

म्हणजे त्यानंतर कुणालाही वाचता येत होतं?

चार वर्षं. लोक चर्चमध्ये मोठमोठ्याने वाचू लागले, वाद घालू लागले, आणि १५४३ मध्ये संसदेने कायदा केला: कारागीर, उमेदवार, नोकर, शेतकरी, मजूर आणि सामान्य घरातल्या बायका यांनी बायबल वाचू नये. खानदानी स्त्रियांनी एकटीने वाचायला हरकत नाही. टिंडेलचा नांगर हाकणारा पोरगा पुन्हा दाराबाहेर! १५४६ मध्ये रॉबर्ट विल्यम्स नावाच्या मेंढपाळाने दुसरंच एक पुस्तक विकत घेतलं आणि त्यावर लिहून ठेवलं की मेंढपाळांनी नवा करार वाचायचा नाही असं ठरलं तेव्हा हे घेतलं, देव हा आंधळेपणा दूर करो. एका कायद्याबद्दल इतकं कळणारं दुसरं काही मी वाचलेलं नाही. हेन्रीनंतर सहाव्या एडवर्डच्या राज्यात ती बंदी उठली.

जिनिव्हा बायबल इतकं गाजलं का?

कारण ते घरात ठेवता येत होतं. कॅथलिक राणी मेरीच्या काळात (१५५३ ते १५५८) प्रोटेस्टंटांवर, म्हणजे पोपचा अधिकार नाकारणाऱ्या ख्रिस्त्यांवर, संकट आलं. जॉन रॉजर्सला १५५५ मध्ये स्मिथफील्डला जाळलं. पळालेल्यांपैकी काही जण जिनिव्हाला एकत्र आले. विल्यम व्हिटिंगहॅम आणि त्याच्या सोबत्यांनी १५६० मध्ये पूर्ण बायबल काढलं: आटोपशीर आकार, सुटसुटीत रोमन टाइप, नकाशे, प्रत्येक वचनाला क्रमांक, आणि समासात भरपूर टीपा. एल्फ्रिकला जो समजावून सांगणारा हवा होता तो आता छापून समासातच बसवला होता, पण तो बिशपांचा माणूस नव्हता. इंग्लंडच्या बिशपांनी १५६८ मध्ये आपलं बायबल काढलं. चर्चमध्ये ते वाचलं गेलं, घराघरांत जिनिव्हाच राहिलं.

कॅथलिकांनी इंग्रजी बायबल केलंच नाही का?

केलं. प्रोटेस्टंट राणी एलिझाबेथच्या इंग्लंडमधून परागंदा झालेल्या कॅथलिक विद्वानांपैकी ग्रेगरी मार्टिन याने वल्गेटवरून भाषांतर केलं. नवा करार १५८२ मध्ये ऱ्हीम्सला आणि जुना करार १६०९-१० मध्ये दुएला छापला गेला. आता कॅथलिक भाषांतरकार परदेशात आणि त्यांची पुस्तकं चोरवाटेने इंग्लंडमध्ये! पन्नास वर्षांत पारडं उलटलं होतं. भाषा लॅटिनच्या वळणाची असली तरी किंग जेम्सच्या मंडळींनी त्यातले बरेच शब्द उचलले.

किंग जेम्सने स्वतः भाषांतर केलं का, आणि ते किती नवं होतं?

नाही. जानेवारी १६०४ मध्ये हॅम्प्टन कोर्टच्या बैठकीत जॉन रेनॉल्ड्स यांनी सूचना मांडली आणि राजाने ती उचलून धरली. त्याला जिनिव्हाच्या टीपा खुपत होत्या. इजिप्तच्या सुइणींनी राजाची आज्ञा मोडली ते योग्यच केलं, असं सांगणारी टीप कोणत्या राजाला आवडेल? सत्तेचाळीस विद्वान सहा गटांत वेस्टमिन्स्टर, ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला बसले. नियम ठरवून दिले होते. बिशपांचं बायबल पायाभूत धरायचं. ‘चर्च’सारखे जुने शब्द तसेच ठेवायचे, म्हणजे टॉमस मोर अखेर जिंकले. आणि हिब्रू-ग्रीक शब्दांच्या खुलाशापलीकडे समासात टीपा घालायच्या नाहीत. सहाशे वर्षांपूर्वी एल्फ्रिकला नुसत्या मजकुराची भीती वाटली होती. राजाला आता भीती होती ती टीपांची.

वाक्यं मात्र मोठ्या प्रमाणावर टिंडेलचीच राहिली. जॉन नील्सन आणि रॉयल स्काउसेन या अभ्यासकांनी १९९८ मध्ये नमुने तपासून दाखवलं की किंग जेम्सच्या नव्या करारातले ऐंशी टक्क्यांहून अधिक शब्द टिंडेलचे आहेत. समितीने सुंदर भाषा लिहिली असं आपण म्हणतो, तेव्हा हा एकटा माणूस आठवला पाहिजे.

या इतिहासाचा मराठीशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो बराच जवळचा आहे. विल्टशायरमध्ये जन्मलेला टॉमस स्टीफन्स हा ग्रेगरी मार्टिनसारखाच देश सोडून गेलेला इंग्रज कॅथलिक. रोममध्ये तो जेझुइट या कॅथलिक संघात दाखल झाला आणि १५७९ मध्ये गोव्याला आला. त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं, किंग जेम्स बायबलनंतर अवघ्या पाच वर्षांनी. ते भाषांतर नाही, ओवीबद्ध कथन आहे. आता मागची उत्तरं आठवा. कॅथलिक चर्चला कथा लोकभाषेत चालत होती, आणि स्टीफन्सने त्या मोकळ्या वाटेने मराठीला एक थोर काव्य दिलं.

मराठीत नवा करार भाषांतर म्हणून आला तो १८११ मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपूरला मिशनरी विल्यम केरी यांच्या देखरेखीखाली आणि पंडित वैजनाथ यांच्या मदतीने. आणि टिंडेलच्या कामाशी खरं नातं सांगायचं तर पंडिता रमाबाईंचं. केडगावला बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं, खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत एकटीने संपूर्ण बायबल केलं, आणि १९२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा काम पुरं झालं होतं. १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

या जुन्या प्रती आज कुठे आहेत?

लिंडिसफार्न शुभवर्तमान लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. टिंडेलच्या १५२६ च्या नव्या कराराच्या तीनच प्रती माहीत आहेत: एक ब्रिटिश लायब्ररीत, तिने १९९४ मध्ये दहा लाख पौंडांहून जास्त देऊन घेतलेली, दुसरी सेंट पॉल कॅथीड्रलच्या ग्रंथालयात, ज्या चर्चपाशी बाकीच्या जाळल्या होत्या, आणि तिसरी जर्मनीत स्टुटगार्टला. ही तिसरी १९९६ मध्ये ओळखली गेली आणि मुखपृष्ठाचं पान फक्त तिच्यातच शाबूत आहे. ब्रिटिश लायब्ररीत कोलोनच्या अर्धवट छपाईचे कागदही आहेत. त्यात मत्तयाच्या शुभवर्तमानाचे बावीसाव्या अध्यायापर्यंतचे भाग वाचता येतात.